मागचे पाय

डाग इतका नेमका होता की कुणीतरी मुद्दाम काढला असावा असे इनायातला क्षणभर वाटले. पांढऱ्या कोटाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, कडांना गडद आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला इस्त्रीचा तपकिरी ठसा. शहात इस्त्रीवाला दारात उभा होता. त्याच्या हातावर ईदसाठी इस्त्री केलेल्या पडद्यांची आणि सदऱ्यांची चळत होती, आणि कोट त्याने चळतीच्या सर्वात खाली ठेवला होता. लपवलेली वस्तू लोक जशी ठेवतात, तशी. रोज्याचा अठरावा दिवस होता. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि तिची जीभ आताच टाळूला चिकटू लागली होती. "हे काय आहे, शहात?" तिने कोट उचलून विचारले. "काय ते, डॉक्टरीणबाई?" "हे! आज अकराला माझी बैठक आहे, हाच कोट घालायचा होता मला." शहातने डागाकडे पाहिले, मान वाकडी करून पुन्हा पाहिले. "रमजान आहे ना बाई. इस्त्रीलाही उपास घडतोय. भुकेली होती, चावली." एरवी ती हसली असती. गेली बारा वर्षे त्याची थट्टा या जिन्यावरून रोज चढून येत होती. आज मात्र तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटावा इतका चढला. थट्टा पुरे म्हणाली, हात थरथरत असतील तर धंदा सोड म्हणाली, कोपऱ्यावरच्या विजेच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे देईन म्हणाली. "हाताचा दोष नाही बाई. पाय झोपला होता," एवढेच पुटपुटून तो वळला आणि जिना उतरू लागला.

आणि तेव्हा तिने तो आवाज ऐकला. सर्र, टप. सर्र, टप. सपातेचे पुढचे टोक दगडी पायरीवर घासत जायचे आणि मग उरलेले पाऊल ओल्या फडक्यासारखे खाली पडायचे. तो गुडघा गरजेपेक्षा उंच उचलत होता, जणू प्रत्येक पायरीच्या आधी त्याला आणखी एक न दिसणारी पायरी ओलांडायची होती. ही चाल इनायातने पाहिली होती. माणसाची नव्हे. सप्टेंबरात, कफ्र अल-सुंतमधल्या एका मातीच्या अंगणात ओल्या जमिनीवर एका म्हशीच्या मागच्या खुरांनी ओढलेले दोन समांतर चर तिने पाहिले होते आणि पाहूनही ओलांडून ती पुढे गेली होती. "शहात, थांब! वर ये!" "पुन्हा वर? अहो, आधी शिव्या देता आणि मग चढायलाही लावता!" पण तो आला. तिने त्याला दिवाणखान्याच्या भिंतीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालवले. टाचांवर उभे राहायला सांगितले तेव्हा तो हसत हसत दोनदा पडता पडता वाचला. मग त्याला खुर्चीवर बसवून तिने स्वतःच्या केसांतली पिन काढली, वीस वर्षे इस्त्री दाबत आलेल्या त्याच्या उजव्या पावलाच्या तळव्याशी टेकवली आणि त्याला छताकडे पाहायला लावले. शहात छताकडे पाहत राहिला. पाहता पाहता कंटाळला. "टोचा की बाई," तो म्हणाला, "वाट कसली बघताय?" तिने तोवर चार ठिकाणी टोचले होते. एका ठिकाणी रक्ताचा थेंब आला होता.

तो पायाने इस्त्री करणाऱ्यांपैकी होता. शहरात आता असे मोजकेच उरले होते. बुटक्या मेजावर कपडा पसरायचा, लांब दांड्याची जड लोखंडी इस्त्री त्यावर ठेवायची, तिच्या पाठीवरच्या लाकडी ठोकळ्यावर पाऊल रोवायचे आणि दांड्याने दिशा देत अंगाचा सगळा भार पावलातून कपड्यात उतरवायचा. पाऊलच सांगते कापूस कुठला, रेशीम कुठले, कधी थांबायचे आणि कधी सोडायचे, हे त्यानेच तिला एकदा दुकानात सांगितले होते. ते पाऊल आता मुके झाले होते. केव्हापासून, असे तिने विचारले. उन्हाळ्यात निम्मे कैरो समुद्रावर जाते, कपडे येत नाहीत, म्हणून तो दर वर्षी गावी भावाकडे कपाशीच्या हंगामाला जातो. यंदा अळी फार होती. नवे औषध आले होते, पिंपांतून. पाठीवर पंप घेऊन तो दीड महिना फवारत होता. पंप गळका होता, पातळ औषध कमरेवरून मांड्यांच्या मागच्या बाजूने टाचांपर्यंत उतरायचे. एक दिवस उलट्या झाल्या, घाम सुटला, डोळ्यांपुढे धुके आले. दुसऱ्या दिवशी बरे वाटले. "मग वीस-एकवीस दिवसांनी पोटऱ्या दुखायला लागल्या. दवाखान्यात म्हणाले नसांची कमजोरी आहे, सुई देतो. दिल्या सुया. त्या मात्र लागल्या हो, दंडावर होत्या ना." तो पुन्हा हसला. त्याचे गाव कफ्र अल-सुंतपासून दोन कालवे पलीकडे होते. "हे बरं होईल ना बाई? ईद झाली की कामाचा ढीग पडेल." उत्तर तिला ठाऊक होते आणि ते ठाऊक असल्याचा तिला इतका संताप आला की त्याला उगीचच पुन्हा रागावून तिने सांगितले, आज काम करू नकोस, दुकान बंद ठेव, दुपारी मी येईन.

पुलावरून पायी जाताना नदीवरचा वारा तिच्या तोंडावर येत होता आणि तो गिळण्याचीही तिला चोरी वाटत होती. अकरा वाजता पशुवैद्यकीय प्रयोगशाळेच्या संचालकांच्या खोलीत चौदा तक्ते तिच्यापुढे ठेवले जाणार होते. चौदा म्हशी, चौदा छापील तक्ते, प्रत्येकाखाली तिची सही कच्च्या प्रतीवर झालेलीच होती. आज पक्क्या प्रतीवर व्हायची होती. ती झाली की चौकशी समिती लिहिणार होती की जनावरांच्या मरण्याचा आणि औषधाचा संबंध आढळत नाही, आणि गोदामात उरलेली पिंपे पुढच्या हंगामात फवाऱ्यासाठी गावोगाव जाणार होती. यात गुप्त असे काही नव्हते. तिला ते आठवड्यापासून ठाऊक होते आणि आठवडाभर तिने नीट झोपही घेतली होती. मेंदूचे छेद तिने स्वतः घेतले होते, स्वतः रंगवले होते, रात्री डोळ्यांपुढे जांभळे ठिपके नाचेपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. पिसाळण्याची खूण कुठे नव्हती, सूज नव्हती, रक्तस्राव नव्हता. तक्त्यात एक रकाना असतो. 'मज्जासंस्था', असे त्यावर छापलेले असते. त्यापुढे तिने लिहिले होते: बदल नाही. चौदा वेळा. तिच्या आधीच्यांनी तसेच लिहिले होते आणि त्यांच्या आधीच्यांनीही. कारण जनावर लुळे पडले की संशय पिसाळण्याचा यायचा, पिसाळणे तपासण्यासाठी डोके मागवायचे, आणि डोके पाहून झाले की रकाना भरायचा. प्रयोगशाळेत दगडी चौथऱ्याखाली बर्फाच्या पेट्या ठेवायला जी जागा होती, ती नेमकी एका म्हशीच्या डोक्याच्या मापाची होती. इमारत बांधणाऱ्यानेच ठरवून टाकले होते की म्हशीला केवळ डोके असते.

"डोकं नेऊन काय करणार गं तुम्ही?" उम्म फिक्रीने विचारले होते. सप्टेंबरातली, कफ्र अल-सुंतमधली ती सकाळ आता पुलाच्या कठड्यापलीकडे पाण्याइतकी स्पष्ट दिसत होती. उम्म फिक्री अंगणात उकिडवी बसली होती, काळ्या ओढणीचे टोक दातांत धरून, आणि म्हशीच्या कपाळावरून हात फिरवीत होती. म्हैस तिची होती, नवऱ्याची नव्हे. माहेराहून आलेल्या सोन्याच्या बांगड्या मोडून तिने ती घेतली होती आणि घरातले सगळे तूप, चीज, दोन मुलांची शाळा त्या एका जनावरावर चालत होती. म्हैस पुढच्या पायांवर उठायची, मागचा भाग उचलायला जायची, मागचे खूर उलटे दुमडायचे आणि ती कुत्र्यासारखी बसायची. बसल्या बसल्या समोरची मक्याची पाने शांतपणे चघळायची. डोळे स्वच्छ, नाक ओले. "हिचं डोकं शाबूत आहे, पोरी. माझ्यापेक्षा शाबूत आहे. हाक मारली की कान हलवते. मुलगा शाळेतून आला की हंबरते. बिघडलंय ते मागं. मागं बघ की!" आणि इनायातने, विद्यापीठाची पदवी आणि सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईने, उम्म फिक्रीच्या पाठीवर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हटले होते: "मावशी, प्रयोगशाळेला डोकंच लागतं." तो सूर! तोच आता तिला कानशिलात बसल्यासारखा लागत होता. समजूत कोण कुणाची काढत होते? कपाशीतले तण कापून म्हशीला घातले होते, फवाऱ्यानंतर किती दिवसांनी घातले तेही बाईने बोटांवर मोजून सांगितले होते, पंप धुतलेला कालवा कोणता आणि म्हैस डुंबायची ती जागा कोणती हेही दाखवले होते. "आधी एक दिवस लाळ गाळली. मग चांगली झाली. मग तीन आठवड्यांनी पाय ओढायला लागली. अळी मारायचं औषध ते, त्याला काय ठाऊक कुठली अळी आणि कुठली म्हैस." इनायातने हे सगळे वहीत टिपून घेतले होते. इतिहास, या मथळ्याखाली. आणि मग डोके मागितले होते.

दारात दसूकी खाटीक सुरीला धार लावत उभा होता, कारण वेळ थोडा होता. गावात ज्या म्हशी पडल्या त्या सगळ्यांच्या दारात असाच तो उभा राहिला होता. "डॉक्टरीणबाई, काय ते श्वास सुटायच्या आत सांगा," तो म्हणाला होता. "आपण होऊन मेली तर ती कुत्र्यांची. आत्ता कापली तर माणसांची." "अरे, पण विष असलं तर?" तिने विचारले होते, तेही हळू आवाजात. दसूकीने सुरी थांबवली. "विष आहे का?" अंगणातले सगळे तिच्याकडे पाहू लागले. उम्म फिक्रीचा हात म्हशीच्या कपाळावर थांबला. त्या एका शब्दावर मांस विकले जाणार की कालव्याकाठी पुरले जाणार हे ठरणार होते, आणि बाईकडे त्या मांसाखेरीज म्हशीचे काही उरणार नव्हते. "माहीत नाही. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," इनायात म्हणाली. "मग झालं तर," दसूकी म्हणाला, "तुम्ही तपासा, आम्ही खातो. देव दोघांचं भलं करो." कुणीतरी हसले. ईश्वराचे नाव घेतले गेले, सुरी फिरली. पुढे काय झाले ते तिने उभे राहून पाहिले. धूड दोरावर चढवले, आणि दसूकीने सत्तूर घेऊन ते कण्याच्या मधोमध, कमरेपासून मानेपर्यंत, दोन सारख्या भागांत चिरले. त्याची ती पद्धत होती, सगळ्यांची तीच असते. हाडांच्या नळीतून मज्जारज्जू उघडा पडला, पांढरा, ओला, हाताएवढा लांब, आणि दसूकीने दिव्याची वात ओढावी तसा तो अंगठ्याने उपसून मागे फेकला. तो तिच्या बुटाजवळ पडला. ती एक पाऊल मागे सरली. बूट नवे होते. मांजर येऊन तो घेऊन गेली. आणि नंतर, डोके बर्फाच्या पेटीत बंद झाल्यावर, उम्म फिक्रीने लसूण-जिरे घालून परतलेली कलेजी तिच्यापुढे ठेवली. रडून तिचे डोळे सुजलेले होते, पण पाहुणीला उपाशी कसे पाठवायचे? इनायातने भाकरीचा तुकडा मोडला. चांगली झाली होती.

ती पुलाच्या टोकाला थांबली. राग कुणावर करायचा याचा तिला अंदाज येत नव्हता, आणि म्हणून तो सगळीकडे सांडत होता: फुटपाथवर कतायेफच्या गोड घावनांचे पीठ तव्यावर ओतणाऱ्या माणसावर, हॉर्न वाजवणाऱ्या टॅक्सीवर, परदेशातून पिंपे पाठवणाऱ्या त्या कंपनीवर, जिच्या पत्रकात एक हसरा शेतकरी छापला होता आणि जनावरांबद्दल एक ओळ नव्हती. पण फिरून फिरून राग घरी यायचा. विद्यार्थीदशेत तिला शिकवले होते की लांबच्या मज्जातंतूंना विष लागले तर ते टोकापासून मरत येतात. सर्वात लांब तंतू आधी, पायाच्या टोकाला, आणि मग हळूहळू कण्यातल्या वाटांनी वर. मेंदू शेवटपर्यंत स्वच्छ दिसू शकतो. हे तिने परीक्षेत लिहिले होते, पूर्ण गुण मिळवले होते. मांडीतला एक तंतू, कमरेतला बोटभर मज्जारज्जू, एवढे जर तिने त्या दिवशी जमिनीवरून उचलून बाटलीत टाकले असते, तर ज्या जुन्या पद्धतीत तंतूंचे कुजलेले वेष्टन काळे रंगते त्या पद्धतीने तिसऱ्या आठवड्यात तिला काचेखाली काळ्या मण्यांच्या माळा दिसल्या असत्या. तुटलेल्या माळा. तिला त्या आता चालता चालता दिसत होत्या, न पाहिलेल्या गोष्टी दिसतात तितक्या स्वच्छ. आणि त्यांच्या शेजारी एक पाऊल दिसत होते, लाकडी ठोकळ्यावर रोवलेले, ज्याला आपण किती दाब देत आहोत हे कळत नव्हते. शहातचा कणा ती चिरून पाहू शकत नव्हती. पहिल्यांदाच तिला तिच्या विद्येची भीती वाटली: मेल्याशिवाय ती कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि मेल्यावरही चुकीच्या टोकाकडून बघते.

संचालक डॉ. बहगत यांनी तिला पाहून घड्याळ पाहिले. भला माणूस होता. पंचावन्न वर्षांचा, मधुमेह असूनही रोजे धरणारा, हाताखालच्या कुणाची बढती त्याने कधी अडवली नव्हती. "ये, इनायात. कोट कुठाय? असू दे. सह्या करून टाक, मग मी समितीपुढे ठेवतो. चौदाच आहेत." ती बसली नाही. "सर, यांत मज्जासंस्थेपुढे मी बदल नाही असं लिहिलंय." "हो. मी वाचलंय. स्वच्छ काम आहे." "मी मज्जासंस्था पाहिलेली नाही. मेंदू पाहिला. कणा पाहिला नाही, पायाचे तंतू पाहिले नाहीत. एकाही म्हशीचे नाहीत." बहगतनी चष्मा काढला. "तू खोटं काहीच लिहिलेलं नाहीस. तो रकाना सगळे असाच भरतात. मी स्वतः तीस वर्षं असाच भरला." "म्हणजे तीस वर्षं आपण न पाहिलेल्या गोष्टींवर सह्या करतोय." "आवाज खाली. बाहेर शिपाई आहे." "ऐकू दे त्याला. त्याच्या घरीही कुणी शेतावर असेलच!"

ते बराच वेळ बोलत राहिले. म्हणजे तो बोलत राहिला. त्याचे म्हणणे क्रूर नव्हते, तेच अधिक असह्य होते. कापूस गेला तर हा देश काय विकणार? अळीने शेते साफ केली तर पहिली उपाशी कोण मरणार, समितीतले लोक की तुझी ती म्हैसवाली बाई? इनायातने शहातचे सांगितले. पिनेचे सांगितले. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच वेदना उमटली. मग तो म्हणाला, "माणूस आपल्या खात्यात येत नाही, इनायात. तू त्याला इस्पितळात पाठव, मी चिठ्ठी देतो. पण एका इस्त्रीवाल्याच्या पायावरून मी समितीपुढे काय बोलू?" "मग मला एक म्हैस मिळवून द्या. पूर्ण. कणा न चिरलेली." "कुठून? पडलेल्या सगळ्या कापल्या गेल्या. ज्या लंगड्या उरल्यात त्यांना लोक पोटच्या पोरीसारखं हातानं चारतायत, अजून उठतील म्हणून. त्यांच्या दारात जाऊन काय सांगशील? मला पाठ हवीय? आधी डोकं नेलंस ना?" उम्म फिक्रीने हेच विचारले असते, याच शब्दांत, आणि ते खरे असते. पुरावा तिने खाल्ला होता. उरलेला मांजरीने. आता तिच्याजवळ औषधाविरुद्ध दाखवण्यासारखी एकही काच नव्हती, आणि हे बहगतला ठाऊक होते. "म्हणून म्हणतो," तो मऊ आवाजात म्हणाला, "सही कर. पुढच्या हंगामात एखादी पडली तर कणा आधी मागवू. मी स्वतः आदेश काढतो." पुढच्या हंगामात. म्हणजे पुन्हा पिंपे, पुन्हा गळके पंप, पुन्हा अंगणातले दोन समांतर चर, तिच्या सोयीसाठी.

मग ती बसली. बहगतने सुटकेचा श्वास टाकला आणि शाईची दौत तिच्याकडे सरकवली. तिने पहिला तक्ता ओढला, 'बदल नाही' या शब्दांवर आडवी रेघ मारली, सरळ आणि एकच, खालचे अक्षर वाचता यावे अशी, आणि शेजारी लिहिले: 'फक्त डोके तपासले. मज्जारज्जू आणि पायांचे मज्जातंतू तपासलेले नाहीत. लक्षणे मागच्या पायांत होती आणि ती मी स्वतः पाहिली होती. तरीही डोकेच मागवले. या तक्त्यावरून औषध निर्दोष ठरवता येत नाही.' खाली तारीख, खाली सही, पूर्ण नाव. बहगत टेबलाला वळसा घालून तिच्या मागे येऊन उभा राहिला. वाचताना त्याचा श्वास तिच्या मानेवर लागत होता, रोज्याचा, कोरडा, आंबलेला. "यानं औषधाला काही होणार नाही," तो अखेर म्हणाला. "तुला होईल. विचारतील, दिसत होतं तर का नाही पाहिलंस? नोकरी जाईल. नाव जाईल." "विचारू देत." "इनायात, अगं, हा कबुलीजबाब आहे." "माझ्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही, सर. होतं ते एवढंच आहे." तिने दुसरा तक्ता घेतला. त्याच ओळी, पुन्हा पहिल्या शब्दापासून. "निदान एकदाच लिही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आता विनवणीसारखा झाला होता, "बाकीच्यांवर 'वरीलप्रमाणे' टाक. मी सगळे एकत्र टाचतो, कुणी एवढं बघणार नाही." "नाही," ती म्हणाली. "डोकी चौदा होती."

तिसरा. चौथा. नावे येत गेली, गावे येत गेली, मालकाच्या नावाच्या रकान्यात बायकांची नावे कुठेच नव्हती, सगळीकडे नवऱ्यांची. तीही तिने बदलली, जितकी तिला आठवली तितकी. बोटे आखडली. घसा इतका कोरडा पडला होता की गिळताना आवाज येत होता. शिपाई दार ढकलून आत डोकावला, समितीचे लोक आले आहेत म्हणाला, आणि दोघांकडे पाहून उत्तराची वाट न बघताच परत गेला. बहगत खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. खाली आवारात गाड्यांची दारे लागत होती. "त्यांना सांगतो अहवाल तयार नाही म्हणून," तो न वळता म्हणाला. "दोन दिवस मिळतील. शांत डोक्यानं विचार कर." "तयार आहे म्हणून सांगा. यात काय आहे तेही सांगा." "मी नाही सांगू शकत." तो वळला आणि दमल्यासारखा म्हणाला, "मग तूच चल. तूच सांग त्यांच्या तोंडावर. चल, उठ."

तिने मान वर केली नाही. टाक दौतीत बुडवला, टोक काठाला निथळू दिले.

"येते," ती म्हणाली. "थांबा. अजून पाच डोकी राहिलीत."